छोट्या व्यवसायासाठी इंटरनेट फोन: काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने

इंटरनेट फोन घ्यायचा ठरला की ऑफिसात पहिली चर्चा रंगते ती टेबलावरच्या फोनची. रंगीत पडद्याचा घ्यायचा की साधा, साहेबांना मोठा आणि बाकीच्यांना छोटा चालेल का, वगैरे. मी म्हणेन, फोन सगळ्यात शेवटी निवडा. ‘आवाज तुटतोय’, ‘माझं ऐकू येतंय का?’, ‘कॉल मध्येच कट झाला’ या तीन तक्रारींचं मूळ फोनमध्ये क्वचितच सापडतं. ते असतं राउटरच्या एखाद्या सेटिंगमध्ये, अपलोडच्या गर्दीत, नाहीतर भिंतीतल्या जुनाट केबलमध्ये. महागडा फोन यातलं काहीच दुरुस्त करू शकत नाही. साधा फोन मात्र चांगल्या नेटवर्कवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. म्हणून इथे खरेदीचा क्रम खालून वर लावला आहे. दोन-चार टेबलांपासून तीसेक एक्स्टेंशनपर्यंतचा (एक्स्टेंशन म्हणजे ऑफिसातल्या एकेका फोनचा अंतर्गत नंबर) व्यवसाय डोळ्यांसमोर आहे.

पायरी १: आधी कॉल मोजा

‘आमच्याकडे दहा माणसं आहेत, म्हणजे दहा लाइन’ हा हिशेब चुकीचा आहे. माणसं किती यावरून एक्स्टेंशन ठरतात. लाइन ठरतात त्या एकाच वेळी बाहेरच्यांशी किती कॉल चालू असतील यावरून. या दोन संख्या वेगवेगळ्या लिहून काढा.

दुसरी संख्या काढायला एक जुनं आणि भरवशाचं गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी ते १९१७ मध्ये मांडलं, आणि टेलिफोनची वर्दळ आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. करायचं इतकंच: दिवसातला सगळ्यात गर्दीचा तास शोधा, त्या तासातले कॉल मोजा, सरासरी कॉल किती मिनिटांचा ते पाहा, दोन्हींचा गुणाकार करून ६० ने भागा. गर्दीच्या तासात ३० कॉल आणि प्रत्येक कॉल ४ मिनिटांचा, म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे २ एर्लांग.

मग दोन लाइन पुरतील? नाही, कारण कॉल एकामागून एक शिस्तीत येत नाहीत. दोन लाइनवर एवढी वर्दळ टाकली तर सूत्रानुसार शंभरातले ४० कॉल ‘लाइन व्यस्त आहे’ ऐकून परत जातात. चार लाइन केल्या तर साधारण साडेनऊ, सहा केल्या तर सव्वा, आणि सातव्या लाइनला हे प्रमाण एक टक्क्याच्या आत येतं. ‘एर्लांग बी’चे तयार तक्ते आणि कॅल्क्युलेटर सहज मिळतात, सूत्र पाठ करायची गरज नाही. या हिशेबात दोन्ही दिशांचे कॉल धरा, येणारे आणि जाणारेही.

त्याच कागदावर आणखी थोडं लिहा. दिवसभर एका जागी बसून फोन घेणारं कोण, गोदामात किंवा दुकानभर फिरणारं कोण, बाहेरगावी असणारं कोण. फॅक्स, दाराचा इंटरकॉम, धोक्याची घंटा असं काही जुन्या फोनलाइनवर चालतं का, तेही. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि मग ऐनवेळी आठवतो.

पायरी २: इंटरनेटची खरी परीक्षा

वेगाबद्दल आधी भीती काढून टाकू. जी.७११ हा सगळीकडे चालणारा कोडेक, म्हणजे आवाजाचं आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत, सेकंदाला ६४ किलोबिट आवाज पाठवतो. आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज आणि त्यावर पत्ते वगैरेचा ५८ बाइटचा भार. सेकंदाला असे ५० तुकडे. सगळं मिळून एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. ढोबळ हिशेबाला १०० धरा. सात कॉल म्हणजे पाऊण मेगाबिटच्या आत. आजच्या बहुतेक कनेक्शनला हे काहीच नाही. जी.७२९ वापरला तर कॉलमागे ३१ किलोबिटांवर भागतं, पण आवाज थोडा डबक्यातून आल्यासारखा होतो. कनेक्शन खरंच अरुंद असेल तरच त्याच्या वाटेला जा.

त्रास वेगाचा नसून रांगेचा आहे. कोणीतरी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला घेतो, राउटर किंवा मॉडेम तिची सगळी पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, आपल्या पोटात साठवतो, आणि आवाजाचं इवलंसं पाकीट त्यांच्या मागे उभं राहतं. खिडकीवर आपल्यापुढे शंभर अर्ज घेतलेला एकच इसम उभा असावा, तशी अवस्था. याला बफरब्लोट म्हणतात आणि नुसत्या स्पीड टेस्टमध्ये तो दिसतोच असं नाही.

तो पाहायची पद्धत सोपी आहे. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर एखाद्या स्थिर पत्त्याला सतत पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहा. समजा २० मिलिसेकंद दिसतात. आता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मोठी फाइल अपलोडला टाका आणि आकड्यांकडे बघत बसा. २० चे ३०-४० झाले तर ठीक. ३०० किंवा ५०० झाले, तर दुपारच्या गर्दीत तुमचे कॉल तुटणार हे आत्ताच कळलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. पाकिटं हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आणि त्यांच्या येण्यातली अनियमितता, म्हणजे जिटर, ३० मिलिसेकंदांच्या आत असावी, असा व्यवहारातला नियम आहे.

ही चाचणी सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी अशी काही दिवस करा. रिकाम्या ऑफिसात रविवारी केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

पायरी ३: राउटर. इथे हात आखडू नका

इंटरनेट कंपनीने कनेक्शनसोबत दिलेला राउटर घरच्या वापरासाठी असतो. तो ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याला नुसतं मॉडेमचं काम देऊन, मागे स्वतःचा राउटर लावावा. दोन्ही राउटर आपापल्या परीने पाकिटांवरचे पत्ते बदलत बसले तर फोनचे प्रश्न दुप्पट होतात.

नव्या राउटरमध्ये काय हवं? पहिलं, रांग आवरण्याची सोय. फीचरच्या यादीत एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक अशी नावं शोधा. ही सोय असेल तर मोजलेल्या अपलोड वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावायची; मग रांग मॉडेममध्ये न साठता राउटरच्या ताब्यात राहते आणि आवाजाला वाट मिळते. वर सांगितलेली पिंगची चाचणी ही मर्यादा लावून पुन्हा करा, फरक लगेच डोळ्यांना दिसेल. जुन्या पद्धतीचं क्यूओएस, म्हणजे महत्त्वाच्या पाकिटांना प्राधान्य देण्याची सोय, असेल तर आवाजाच्या पाकिटांवर असणारी डीएससीपी ४६ ही खूण ओळखून राउटर त्यांना पुढे सोडतो का, ते पाहा. एक लक्षात असू द्या, ही खूण तुमच्या आवारापुरतीच. बाहेरच्या इंटरनेटवर तिला कोणी मान देईलच असं नाही.

दुसरं, एसआयपी एएलजी बंद करता आलं पाहिजे. इंटरनेट फोनचे कॉल ज्या एसआयपी नावाच्या नियमावलीने लागतात आणि तुटतात, तिच्या संदेशांमध्ये राउटर स्वतःहून दुरुस्त्या करतो, त्याला एएलजी म्हणतात. हेतू मदतीचा, परिणाम बहुधा उलटा. फोन वाजतो पण उचलल्यावर एकाच बाजूचा आवाज येतो, ट्रान्सफर केलेला कॉल हवेत विरतो, असे प्रकार यातून होतात. काही राउटरमध्ये हे बंद करायचं बटणच नसतं. असा राउटर कितीही नामांकित असला तरी घेऊ नका.

तिसरं, दोन इंटरनेट कनेक्शन लावायची सोय, आणि चौथं, व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर फोन आणि कॉम्प्युटर यांची दोन वेगळी नेटवर्कं. पाच-सहा फोनपर्यंत व्हीलॅनवाचून अडत नाही, पण राउटर रोज बदलत नाही, तेव्हा सोय असलेली बरी. दुसरं कनेक्शन मोबाइल डेटाचं असलं तरी चालतं. मात्र पहिलं बंद पडून दुसरं चालू झालं की त्या क्षणी चालू असलेले कॉल कटतात आणि फोनना पुन्हा नोंदणी करायला थोडा वेळ लागतो, हे ऑफिसात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

पायरी ४: स्विच, केबल आणि वीज

फोनला वीज द्यायचे दोन मार्ग. प्रत्येक फोनला अडॅप्टर, किंवा पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज. तीनपेक्षा जास्त फोन असतील तर पीओई स्विच घ्या. अडॅप्टरच्या वायरींचा गुंता टळतो हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की एका यूपीएसवर सगळे फोन चालतात.

स्विच घेताना लोक पोर्ट मोजतात आणि वॉट विसरतात. ८०२.३एएफ या मानकात प्रत्येक पोर्टला १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते, ८०२.३एटी मध्ये ३० वॉटपर्यंत. पण सगळ्या पोर्टना मिळून स्विच किती देऊ शकतो, हा वेगळा आकडा असतो आणि तो बारीक अक्षरात छापलेला असतो. उदाहरण घ्या. दहा फोन, प्रत्येकासाठी स्विच ७ वॉट राखून ठेवतो, झाले ७०. वायफायचे दोन ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकी १५.४, म्हणजे जवळपास ३१. एकूण १०१ वॉट. आता सोळा पोर्टचा पण ६५ वॉटचा स्विच घेतलात तर पोर्ट रिकामे दिसतील आणि शेवटचे फोन मात्र चालूच होणार नाहीत. हिशेबाच्या वर पाव हिस्सा तरी मोकळा ठेवा. आणि ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेला माल फोनसाठी नको: तो समोर कोणतं उपकरण आहे हे न विचारताच वीज सोडतो आणि चुकीच्या पोर्टात लावलेलं उपकरण जळू शकतं.

केबल कॅट ५ई पुरते. भिंत फोडून नवीन टाकतच असाल तर कॅट ६ टाका. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत, आतली तार निव्वळ तांब्याची. अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. तिच्यातून पीओईची वीज जाताना जास्त वाया जाते आणि तार तापते. टेबलाजवळ शक्य असेल तिथे दोन पॉइंट काढा. एकच असेल तरी हरकत नाही, कारण बहुतेक आयपी फोनच्या पाठीमागे दोन सॉकेट असतात: एकात भिंतीकडची केबल, दुसऱ्यातून कॉम्प्युटरला. अशा वेळी फोनचं सॉकेट गिगाबिटचं आहे ना, हे बघून घ्या. १० बाय १०० चं असेल तर त्या फोनमागे बसलेल्या कॉम्प्युटरचा वेग १०० मेगाबिटवर अडकतो, आणि मग ‘फोन आल्यापासून नेट स्लो झालंय’ अशी बोंब सुरू होते.

यूपीएसवर स्विच, राउटर, फायबरचा डबा आणि एक्सचेंज, म्हणजे कॉल जोडणारी पेटी, स्वतःचं असेल तर तेही, असं सगळं हवं. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीचे चालू राहून उपयोग नाही. सगळ्यांचे वॉट जोडा. १०० वॉटचा भार असेल तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास देते. हातात त्याहून बरीच कमी येतात, म्हणजे ढोबळमानाने अर्धा तास. वीज याहून जास्त वेळ जात असेल तर मोठ्या बॅटरीचा विचार करा, किंवा बाहेरून येणारे कॉल वीज गेल्यावर आपोआप मोबाइलवर वळतील अशी व्यवस्था सेवा देणाऱ्याकडून लावून घ्या.

पायरी ५: एक्सचेंज आपल्याकडे की त्यांच्याकडे

जुन्या ऑफिसात कोपऱ्यात ईपीएबीएक्सची पेटी असायची. तिचंच काम आता आयपी पीबीएक्स करतो: एक्स्टेंशन, ट्रान्सफर, ‘विक्रीसाठी एक दाबा’, रेकॉर्डिंग. ही पेटी तुमच्याकडे ठेवायची की सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर, हा यातला सगळ्यात मोठा निर्णय.

होस्टेड, म्हणजे त्यांच्याकडची. दर एक्स्टेंशनमागे महिन्याचं भाडं, आणि तुमच्याकडे फक्त फोन आणि नेटवर्क. तुमचं इंटरनेट बंद पडलं तरी त्यांचा सर्व्हर जागा असतो, त्यामुळे ग्राहकाला स्वागताचा संदेश ऐकू येतो आणि कॉल मोबाइलवर वळवता येतो. पण शेजारच्या टेबलाला फोन लावायलाही इंटरनेट लागतं.

स्वतःची पेटी घेतली तर आतले कॉल आतच फिरतात, इंटरनेट असो वा नसो. रेकॉर्डिंग तुमच्या ताब्यात राहतं. जुन्या तांब्याच्या लाइन असतील तर त्याही जोडता येतात. बदल्यात अपडेट, बॅकअप, सुरक्षा आणि मध्यरात्री पेटी बंद पडली तर तिच्यामागे धावणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. याचं सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेलं ॲस्टरिस्क हे त्यातलं सगळ्यात जुनं-जाणतं, आणि फ्रीपीबीएक्स हा त्याला सोपा चेहरा देतो. तयार पेट्या बनवणाऱ्या ग्रँडस्ट्रीम, यीस्टारसारख्या कंपन्याही आहेत. रास्पबेरी पायवर एक्सचेंज चालवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि चार-पाच फोनना ते चालतंही. पण सतत लिहिणं चालू असलेलं मेमरी कार्ड कधीतरी दगा देतं. धंद्याचा फोन त्याच्या भरवशावर ठेवायचा असेल तर निदान एसएसडी लावा.

माझा कौल असा: नेटवर्क कळणारा माणूस घरात नसेल आणि एक्स्टेंशन वीसच्या आत असतील तर होस्टेड घ्या. इंटरनेट वारंवार जातं, आतल्या आत कॉल खूप होतात, किंवा रेकॉर्डिंग बाहेर ठेवता येत नाही, अशी परिस्थिती असेल तर स्वतःची पेटी.

तांब्याच्या लाइन जोडायच्या असतील तर दोन पोर्टांची नावं पक्की करून घ्या. एफएक्सएस पोर्टात साधा फोन लागतो. एफएक्सओ पोर्टात बाहेरची लाइन. उलटं मागवलं तर काहीच चालणार नाही. एफएक्सओचा एक नेहमीचा आजार म्हणजे समोरच्याने फोन ठेवला हे पेटीला कळतच नाही आणि लाइन अडकून बसते. आपल्या देशातला व्यस्त सूर ओळखण्याची सेटिंग पेटीत आहे ना, हे विकत घेण्याआधी विचारा. इंटरनेटचे कॉल आणि साधी टेलिफोन लाइन एकत्र जोडण्यावर काही देशांत बंधनं आहेत; आपल्याकडचा नियम सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्या.

पायरी ६: आता फोन

इथपर्यंत आलात तर फोन निवडणं सोपं आहे, कारण प्रश्न आता ‘कोणता चांगला’ हा राहत नाही, ‘कोणाला काय लागतं’ हा राहतो.

रिसेप्शनला बटणं लागतात. बीएलएफ, म्हणजे कोणाचा फोन चालू आहे हे दिव्याने दाखवणारी बटणं, एक्स्टेंशनच्या संख्येइतकी असावीत. कमी पडली तर बाजूला जोडायचं जादा बटणांचं पॅनेल मिळतं, पण ते त्या मॉडेलला बसतं का ते बघा. बाकीच्या टेबलांना दोन लाइनचा साधा फोन पुरतो. एक लाइन बोलायला, दुसरी ट्रान्सफर करायला. साहेबांच्या व्हिडिओ फोनचा कॅमेरा पहिल्या महिन्यानंतर कोणी वापरत नाही.

खोक्यावर वाचायच्या गोष्टी: पीओई आहे का (अडॅप्टर अनेकदा वेगळा विकत घ्यावा लागतो), जी.७२२ किंवा ओपस कोडेक आहे का, हेडसेटचं सॉकेट कोणतं. जी.७२२ सात किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पोचवतो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ऐकू येतात आणि नावं, पत्ते पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाहीत. मात्र दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या टप्प्यांवर तो कोडेक असेल तरच हा लाभ मिळतो. साध्या लाइनवरच्या ग्राहकाशी बोलताना आवाज पूर्वीसारखाच येईल.

जुने फोन स्वस्तात मिळाले की मोह होतो. यीलिंक, फॅनविल, स्नॉम, ग्रँडस्ट्रीम यांचे खुल्या एसआयपीवर चालणारे फोन सहसा कुठेही लागतात. तरी आधीच्या सेवादाराने फोन कुलूपबंद केला असेल तर रीसेट करूनही तो चालू झाला की पहिल्या मालकाच्याच सर्व्हरकडे धाव घेतो. सिस्कोच्या बाबतीत आणखी एक मेख: त्यांच्या अनेक मॉडेलचे दोन अवतार असतात, एक त्यांच्या स्वतःच्या एक्सचेंजसाठी आणि दुसरा ‘मल्टिप्लॅटफॉर्म’, म्हणजे इतरांच्या एक्सचेंजवर चालणारा. दिसायला सारखेच. विकणाऱ्याकडून नेमका कोणता ते पक्कं करा आणि पैसे देण्याआधी आपल्या एक्सचेंजवर नोंदवून बघा.

फिरत्या माणसांसाठी वायफाय फोनपेक्षा डेक्ट, म्हणजे स्वतःच्या बेसशी बोलणारा बिनतारी फोन, बरा. डेक्टची स्वतःची राखीव लहरपट्टी असते, त्यामुळे वायफायच्या गर्दीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. ही पट्टी मात्र सगळीकडे एक नाही: युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. परदेशातून आणलेला संच आपल्याकडे वापरायला परवानगी आहे का, हे आधी बघा. इमारतीत एका बेसचा पल्ला साधारण ५० मीटर धरा, काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी मांडण्या असतील तर त्याहून कमी. बेसच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात, किती हँडसेट नोंदवता येतात आणि एका वेळी किती कॉल चालतात. दुसरा आकडा बघा.

बाहेर असणाऱ्यांना मोबाइलवरचं ॲप पुरतं. कॉम्प्युटरवरच्या ॲपला मात्र केबलवाला यूएसबी हेडसेट द्या. लॅपटॉपच्या अंगच्या माइकवरून ग्राहकांशी बोलणं म्हणजे कीबोर्डची टकटक त्यांना ऐकवणं.

फॅक्स, दाराचा इंटरकॉम, कॉर्डलेस असं काही उरलं तर एफएक्सएस पोर्टचा एटीए नावाचा छोटा डबा त्यांना इंटरनेट फोनशी जोडतो. फॅक्ससाठी त्यात टी.३८ ची, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या पद्धतीची, सोय हवी, सेवादाराकडेही हवी.

पायरी ७: कुलूप

इंटरनेट फोनची चोरी म्हणजे कोणीतरी तुमचा पासवर्ड शोधून तुमच्या खात्यावरून परदेशातल्या महागड्या नंबरांना फोन लावत बसतं, तेही बहुधा रात्री किंवा सुटीच्या दिवशी. बिल तुम्हाला येतं. उपाय फारसे अवघड नाहीत. प्रत्येक एक्स्टेंशनला लांब आणि वेगळा पासवर्ड. १०१ नंबरच्या एक्स्टेंशनचा पासवर्ड १०१ ठेवणं म्हणजे आमंत्रणच. फोनच्या आतल्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. परदेशी कॉल लागत नसतील तर सेवादाराकडूनच बंद करून घ्या, लागत असतील तर खर्चाची मर्यादा लावा. स्वतःची पेटी असेल तर ५०६० हे पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. आपल्या बाहेर असणाऱ्या माणसांना व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद वाटेने, आत घ्या. संभाषण गोपनीय असेल तर टीएलएस आणि एसआरटीपी दोन्ही चालणारे फोन निवडा. पहिलं कॉल लावण्याची बोलणी झाकतं, दुसरं प्रत्यक्ष आवाज.

पायरी ८: दोन फोन घेऊन आठवडाभर

सगळी खरेदी एकदम नको. राउटर आणि स्विच लावून झाल्यावर फक्त दोन फोन आणा आणि त्यांचे हाल करा. कॉल होल्डवर ठेवा, ट्रान्सफर करा, एखाद्या बँकेच्या ‘भाषेसाठी एक दाबा’ या मेन्यूत जाऊन बटणं ओळखली जातात का बघा, एक कॉल मुद्दाम तासभर चालू ठेवा, फोन अर्धा तास न वापरता ठेवून मग मोबाइलवरून त्यावर रिंग करा.

बिघाडाची वेळ टिपून ठेवा, तीच निदान सांगते. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कॉल उचलल्याची पोचपावती राउटरमध्ये कुठेतरी हरवते आहे. एसआयपी नेमकी तेवढीच वाट पाहतं. दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरकडे, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने तपासणाऱ्या सेटिंगकडे, बघा. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर एएलजी किंवा पत्ते बदलण्यातला घोळ. थोडा वेळ शांत राहिल्यावर फोन वाजायचाच बंद होत असेल तर राउटर निष्क्रिय जोडणी विसरतो आहे. फोनमध्ये कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश, ३० सेकंदांच्या आसपास लावा. आवाज फक्त दुपारी फाटत असेल तर पायरी २ आणि ३ वर परत.

हे सगळं सुरळीत झालं की उरलेले फोन मागवा, आणि मागवताना एक जादा. प्रत्येक फोनच्या पाठीवरचा मॅक पत्ता (त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), त्याचं एक्स्टेंशन आणि स्विचवरचा पोर्ट क्रमांक एका तक्त्यात लिहून स्विचच्या कपाटाच्या दारावर चिकटवा. तातडीच्या सेवांना फोन लावला तर त्यांना कोणता पत्ता दिसतो, हे सेवादाराला विचारा आणि तो चुकीचा असेल तर बदलून घ्या.

जुनी लाइन लगेच कापू नका. नंबर नव्या सेवेवर न्यायचा असेल तर तो पूर्ण जाऊन त्यावर कॉल येऊ लागेपर्यंत जुनं कनेक्शन चालूच ठेवा. आधी बंद केलं तर नंबरच हातचा जाऊ शकतो. पहिल्या पायरीत लिहिलेला कागद काढा आणि लिफ्टचा फोन, धोक्याची घंटा, कार्डाचं मशीन, फॅक्स, जे जे त्या लाइनवर होतं ते एकेक करून चालवून बघा. यादीतलं शेवटचं उपकरण चाललं की मगच बंद करायचा अर्ज द्या.